डग्ग्यातला जीव

हेरंब टीव्हीमागे पालथा पडून वायरी खोचत होता. नव्या होम थिएटरबरोबर सबवूफर, खर्जाचे आवाज घुमवणारा स्पीकरचा डबा, आला होता आणि तोच त्याला आईच्या जुन्या स्टिरिओलाही जोडायचा होता.

"एकच डबा दोन घरी नांदेल कसा रे?" मंदाकिनीबाईंनी सोफ्यावरून विचारलं.

"नांदेल. सिनेमाची वायर वेगळी, तुझ्या गाण्याची वेगळी. लाव तुझी कॅसेट."

त्यांनी स्वतःच्याच गाण्याच्या एका बैठकीची कॅसेट लावली. तबल्यावर हेरंबचे बाबा होते. ते होते तेव्हाही मंदाकिनीबाई ही कॅसेट लावून त्यांना सुनावायच्या, "हात गोड आहे, पण तुमच्या डग्ग्यात जीव नाही." ते नुसते हसायचे आणि डग्ग्यावर पावडर चोळत बसायचे. ते गेल्यावरही मंदाकिनीबाईंचं मत बदललं नव्हतं.

ख्याल सुरू झाला आणि फरशीतून डग्ग्याचा घुमारा उठला. खोल, भरलेला, प्रत्येक आलापाला खालून हात देणारा. मंदाकिनीबाई ताठ बसल्या.

"बेस जास्त होतोय का? कमी करू?"

"हात लावू नकोस. हा आवाज या डब्याचा आहे?"

"डबा कुठून आणेल, आई? कॅसेटमध्येच होता. तुझ्या लहान स्पीकरांना पेलत नव्हता, इतकंच."

 आवर्तन भरत आलं तसा मंदाकिनीबाईंचा हात आपसूक वर गेला, आणि समेवर, नवऱ्याला जन्मात कधी न दिलेली दाद त्यांच्या तोंडून निघाली.

"वा," त्या पुटपुटल्या. "अहो, वा."