मधली रेघ

नवव्या वर्षीच कोमलला भिंतीतून माणसं बोलल्यासारखं ऐकू यायला लागलं. लहान मुलांच्या मनाच्या आजारात मेंदू कसा बदलतो, याचा शोध घेणाऱ्या डॉक्टरांनी तिला कुरुंद्याहून नांदेडला बोलावून तिच्या मेंदूचे फोटो काढले.

"गयाबाई, फोटोत तरी काही दोष दिसत नाही," उजेडाच्या काचेवर फोटो लावत डॉक्टर म्हणाले.

कोमलच्या आईचं बोट मधल्या काळ्या रेघेवर गेलं. "मंग ही चीर कशाची? माझ्यामुळंच हाय ही, साहेब. पोरगी पोटात व्हती, तवा दिवाळीत गिऱ्हान लागलं. भूक निघंना म्हणून म्या विळीवर वाळूक चिरलं. उभं, बराबर मधून. घरात अजून कुणाला ठावं न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत. तुलनेसाठी काढलेला एका धडधाकट मुलीचा फोटो त्यांनी शेजारी लावला. "हे बघा, हिलाही तीच रेघ आहे. सगळ्यांनाच असते. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

गयाबाईनं दोन्ही फोटो निरखून पाहिले. मग पदर तोंडाशी धरून, त्या दुसऱ्या मुलीच्या फोटोकडे बोट दाखवत म्हणाली,

"साहेब, या पोरीच्या मायला ही चीर दावू नका. झोप लागायची न्हाई तिला."