सहा शतांश

हेमाने आपल्या आलेखाचा कागद उत्तमरावांच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावून धरले. रेघेवर रेघ तंतोतंत बसली. वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्याचे मालक टिपणीससाहेब चष्मा वर करून पाहत राहिले. उत्तमरावांचा चेहरा पडला. या रेघा जुळायला नको होत्या.

विरळ केलेला वायू नोझलमधून किती जातो, हे उत्तमराव एकोणीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये निर्वात टाकी लावून मोजत होते. एका रीडिंगला दोन दिवस लागायचे. कालपरवा आलेली हेमा तेच कॉम्प्युटरवर मांडायची आणि उत्तर येईपर्यंत डबा खाऊन घ्यायची. १९९२ साली अख्ख्या गल्लीत एसी एकच, तोही तिच्या खोलीला. उत्तमराव जळायचे, आणि ते लपवायचेही नाहीत. त्यात साहेबांनी सांगून ठेवलेलं, की तिचं उत्तर एकदा प्रयोगाशी जुळलं की टाकी आणि पंप विकून टाकू.

म्हणून उत्तमरावांनी एक गोष्ट पोटात ठेवली. लेथवरच्या धोंडिबाकडून नोझलचं भोक ड्रॉइंगपेक्षा सहा शतांश मिलिमीटर मोठं पडलं होतं. त्याने तसं येऊन सांगितलंही होतं. उत्तमरावांनी हेमाला ड्रॉइंगचंच माप दिलं. महिनाभर तिचं उत्तर कमी येत राहिलं आणि महिनाभर यांना जेवण गोड लागलं.

"पण जुळलं कसं?" त्यांनी विचारलं.

हेमा जरा संकोचली. "सर, तुमचं रीडिंग थोडंच चुकणार? म्हटलं, चूक माझीच. मग रेणू भिंतीवर आपटून कसे उसळतात, तो आकडा थोडा थोडा सरकवत गेले. अठराव्या वेळी बसलं."

म्हणजे उत्तर खोटंच होतं. भोकाचं खरं माप आत्ता सांगितलं असतं तर ते तिथल्या तिथे पडलं असतं, टाकीही वाचली असती. पण मग महिनाभर गप्प का बसलात, हे साहेबांनी विचारलंच असतं.

कळव्याची एक पार्टी टाकी घ्यायला तयार आहे, साहेब म्हणाले. फक्त उत्तमरावांनी एकदा हो म्हणायचं. हेमा निकालाला उभी असल्यासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"जुळतंय," उत्तमराव म्हणाले.

हेमाने हसून सहीसाठी अहवाल पुढे सरकवला. त्यावर पहिलं नाव तिने त्यांचं घातलं होतं.