बाहीचे टाके

ब्लॉगची नवी आवृत्ती दुपारी बाराला येणार होती आणि मामी साडेदहापासूनच लॅपटॉपसमोर बसली होती. शेजारी भाचा. वेबसाइट बनवणं हाच त्याचा धंदा. मामीचा विणकामाचा ब्लॉगही त्यानेच उभा करून दिला होता. आज त्याने ऑफिसातून अर्धी रजा टाकली होती, कारण गुन्हा दोघांचा होता.

गुन्हा असा. भाच्याची आई, म्हणजे मामीची थोरली नणंद, ब्लॉगवरच्या प्रत्येक नमुन्याखाली कमेंट लिहायची आणि प्रत्येक कमेंटमध्ये चूक काढायची. चारचौघांत मामीचा पाणउतारा व्हायचा. शेवटी, चार वर्षांपूर्वी, भाच्याने एक प्लगइन, ब्लॉगला जोडायचा छोटासा प्रोग्राम, बसवून दिलं. आईच्या कमेंट आईला दिसायच्या, बाकी कुणालाच नाही, मामीलासुद्धा नाही. नणंदेला साप म्हणू नये, पण साप मेला होता आणि काठीही शाबूत होती. तेव्हापासून दोन्ही घरांत शांतता नांदत होती.

आता ब्लॉगचं सगळं सॉफ्टवेअरच बदलणार होतं. त्यात हे प्लगइन चालेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. ते बनवणाऱ्याला भाच्याने तीन पत्रं पाठवली, पण त्या गृहस्थाने बहुधा मौनव्रत घेतलं होतं. प्लगइन बंद पडलं, तर दडवलेल्या चारशे बारा कमेंट एकदम उघड्यावर येणार. पुसून टाकाव्यात, तर त्या आईलाही दिसेनाशा होणार. इकडे आड, तिकडे विहीर.

“चुकांचं मेलं जाऊ दे,” मामी म्हणाली. “पण कुणीतरी विचारणारच, या कमेंट काल इथे नव्हत्या म्हणून. आणि मग ताईंना कळेल, की चार वर्षं आपण त्यांना...”

भाचा म्हणाला, मामीची ती नणंद आहे, त्याची आई आहे. कळलं तर त्याने जेवायला कुठे जायचं?

बाराला पडदा पांढरा झाला. दोन मिनिटांनी ब्लॉग परत आला, सगळा जागच्या जागी, आणि वर एक लाल पट्टी. प्लगइन नव्या आवृत्तीशी जुळत नसल्यामुळे बंद करण्यात आलं होतं. लहान मुलाच्या स्वेटरखाली काल एकोणीस कमेंट होत्या. आता एकतीस. मामीचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा नमुना हाच. रोज कुणी ना कुणी तो विणत असायचंच.

मामीने चष्मा पुसला आणि चार वर्षांत पहिल्यांदा नणंदेचं लिहिणं वाचायला घेतलं. पहिली कमेंट, ‘बाहीचे टाके बावन्न नाहीत, अठ्ठेचाळीस हवेत. मोजून बघ.’ पुढे कुण्या बाईने विचारलं होतं, बाही सैल का होते? मामीने तेव्हा उत्तर दिलं होतं, हात घट्ट ठेवा. त्याखाली नणंद, ‘अठ्ठेचाळीस घ्या.’ दुसऱ्या बाईने तेच विचारलं होतं. नणंद पुन्हा, ‘अठ्ठेचाळीस घ्या, बाई.’ असं एकूण बारा वेळा. त्या बायका केव्हाच स्वेटर अर्धे सोडून निघून गेल्या असतील.

पाऊण वाजता तळाशी एक नवी कमेंट आली. ‘ही बाही मी तीनदा उसवली. वाटायचं, माझाच हात वाईट. ताई, तुमचे फार आभार.’ आणि लगेच दुसऱ्या कुणाची, जिची दोघांना धास्ती होती तीच, ‘या कमेंट मला आधी कशा दिसल्या नाहीत?’

भाच्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्या प्रश्नाखाली त्याच्या आईचं उत्तर येऊन पडलं होतं. ‘नीट पाहिलं नसेल तुम्ही. मी चार वर्षांपूर्वीच लिहिलंय, तारीख बघा.’

मामीला हसू फुटलं. भाचा तर टेबलावर डोकं ठेवून हसत सुटला. छातीवरचा दगड उतरला होता आणि दोघांना तो पुन्हा पुन्हा उतरवून बघावासा वाटत होता. तेवढ्यात फोन वाजला. नणंदेचाच होता.

“अगं, मला उत्तर आलंय,” ती म्हणाली. आवाज नेहमीचा करडा नव्हता. “आजवर कधी कुणाचं आलं नव्हतं. तुझंसुद्धा नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्या बाईचं कोण वाचतंय. तू काही नवीन बसवलंयस का तिथे?”

“हो ताई. आजच.”

“चांगलं आहे. काढू नकोस हो ते.”

मामीने फोन ठेवला. सुटल्याचा आनंद होता, पण त्याच्या पोटात लाजही होती, आणि ती काही केल्या जाईना. तेवढ्यात प्लगइनवाल्याचं पत्र आलं. उशिराबद्दल माफी, नवीन आवृत्तीत चालणारं प्लगइन तयार आहे, एक बटण दाबलं की झालं. भाच्याने विचारलं, बसवू का?

“काढूनच टाक,” मामी म्हणाली.

मग तिने कपाटातून तो मूळचा छोटा स्वेटर काढला, बाही मांडीवर पसरली आणि सुईच्या टोकाने एकेक टाका मोजला. विणताना हात बरोबर चालला होता. चुकली होती ती लिहिताना. बावन्नचा आकडा बदलून ती चार वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या कमेंटपाशी गेली आणि एका बोटाने, सावकाश, त्याखाली लिहिलं,

‘ताई, मोजले. अठ्ठेचाळीसच आहेत.’