बोरामची गोळी

प्रवेश परीक्षा पाच दिवसांवर आली होती. लेक परीक्षेत घसरू नये म्हणून आईने महिनाभर घरात बुळबुळीत समुद्री शेवाळाचं सार शिजवलं नव्हतं. आणि बोरामचं डोकं तग धरून होतं ते आईने दुकानातून आणलेल्या, बिननावाच्या कागदी पुडीतल्या गोळ्यांवर.

कोरियातल्या देगू शहरातल्या तिच्या शाळेत त्या दिवशी रसायनशास्त्राच्या ग्वाक सरांनी प्रत्येकीला घरून डोकेदुखीची एक गोळी आणायला सांगितली होती. गोळीतल्या औषधाचा क्रियात्मक गट ओळखायचा होता. शेजारणीच्या गोळीवर फेरिक क्लोराइडचा थेंब पडताच जांभळा रंग आला, म्हणजे फिनॉल. मागच्या बाकावरची सोड्यात फसफसली, म्हणजे आम्ल. बोरामची ना जांभळी झाली, ना फसफसली. सरांनी आयोडीन टाकलं तेव्हा मात्र काळीनिळी पडली.

"अगं, हे तर नुसतं पीठ आहे!" सर हसले.

घरी येऊन तिने पुडी आईसमोर आपटली.

"आधी खऱ्या गोळ्या दिवसाला आठ-आठ गिळत होतीस, पोटाची चाळण झाली असती," आई रडवेली झाली. "म्हणून औषधवाल्या बाईंच्या विनवण्या करून या आणल्या. तीन महिने दुखलं का डोकं?"

नव्हतं दुखलं. पण त्या संध्याकाळी डोकं जे दुखायला लागलं, ते खऱ्या गोळ्यांनीही थांबेना.




परीक्षेच्या सकाळी बोरामने आईपुढे हात पसरला. "आई, त्या पुडीतलीच एक दे. आणि खरी आहे म्हणून सांग."