दुप्पट भाडं

बसमधल्या यंत्राला कार्ड टेकवलं की भाडं निम्मं पडतं, हे अल्माटीत बाहेरगावाहून येणाऱ्यांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. परवा मी चालवतो त्या बसमध्ये गावाकडची एक म्हातारी चढली. तिलाही सांगितलं, "अपा, रोखीनं दुप्पट पडेल. कुणाला तरी त्याचं कार्ड टेकवायला सांगा आणि त्याला पैसे द्या."

"घे मुकाट्यानं," म्हणत तिनं नोटा माझ्या हातात कोंबल्या. माझ्या मागच्याच बाकावर बसली आणि पिशवीतून कोल्ह्याच्या कातड्याची पुरुषी टोपी काढून शेजारी, खिडकीपाशी ठेवली.

पुढच्या थांब्यावर बस भरली. "अपा, टोपी मांडीवर घ्या, मला बसू द्या," सुटाबुटातला एकजण म्हणाला.

"का म्हणून? दोघांचं भाडं भरलंय."

सगळी बस हसली. मीही मान वळवून म्हणालो, "अपा, ते दोघांचं नव्हे! कार्ड नाही म्हणून एकटीलाच दुप्पट!"

"कार्ड नाही असं कोण म्हणतं?" तिनं खिशातून कार्ड काढून माझ्या नाकासमोर धरलं. "माझ्या मेरूएर्तनं, नातीनं दिलंय. हे टेकवलं असतं, तर मी एकटीच आले असते. आमचे हे गेल्या थंडीत गेले, शहर बघायचं राहूनच गेलं. जन्मभर मेंढ्यांमागे उभे होते, आज बसून बघतील. बघू तर, कोण उठवतं त्यांना!"