बावीस खटके

बंदुकीच्या पेटीत एक दस्ता होता, दोन नळ्या आणि स्क्रू आवळायची एक ॲलन की. बारीक नळी कोल्ह्यांसाठी, जाड नळी हरणांसाठी. दुर्बीण दस्त्यावर कायमची बसवलेली. दोन्ही नळ्यांना तीच. शेजारच्या खोक्यात सतरा काडतुसं होती. शनिवारी अठरा होती.

"जाड नळी लाव, फाइट," नोटबुर्गा म्हणाली. "शनिवारी होती तशी. दुर्बिणीला हात लावायचा नाही."

"चाळीस वर्षं बंदूक जोडतोय मी. तू आपली कुत्री सांभाळ."

"कुत्रीनं तिचं काम केलंय. काल, उभ्या कड्यावर, सहा तास."

ऑस्ट्रियाच्या टायरोलमधल्या त्या दरीत जखमी जनावर शोधायचं झालं की शिकारी नोटबुर्गाला आणि तिच्या कुत्रीला, गेम्माला बोलावत. ती पैसे घेत नसे. एकच अट असे: शोध संपला की दुसऱ्या दिवशी बंदूक नेमबाजीच्या मैदानावर आणायची, तिच्यादेखत कागदावर झाडायची. गेम्मा आत्ता बाकाखाली पसरली होती.

हरीण फाइटच्या भाचीनं, त्सेन्टानं, मारलं होतं. तिचं पहिलंच. बंदूक मामाची, जोडून दिली मामानं. तिनं फक्त नेम धरून चाप ओढला. गोळी खांद्यामागे लागायची ती पोटात लागली. गेम्मा पोचली तेव्हा हरीण अजून जिवंत होतं. संध्याकाळी खानावळीत फाइट सगळ्यांदेखत म्हणाला, "पोर दचकली. कच्चा हात, दुसरं काय!" लोक हसले. शिकाऱ्याला मानाची म्हणून मिळते ती फर झाडाची डहाळी त्सेन्टानं टोपीला लावली नव्हती.

"मामा, मी शिकारीचा परवाना परत देऊन टाकते ना," ती आता म्हणाली. "कशाला हे सगळं?"

"आधी तीन गोळ्या झाड," नोटबुर्गा म्हणाली. "दचकणाऱ्याच्या गोळ्या कागदभर विखुरतात. विखुरल्या तर दे खुशाल. मीच येते सोबत."

दोघी कागद लावायला शंभर मीटरवर चालत गेल्या.

फाइटनं जाड नळी बसवली, स्क्रू आवळले आणि सवयीनं दुर्बिणीच्या फिरकीचं टोपण काढलं. फिरकी शून्यावर म्हणजे नेम बारीक नळीचा. जाड नळी लावली की फिरकी अकरा खटके उजवीकडे न्यायची. एका खटक्यानं गोळी या अंतरावर एक सेंटीमीटर सरकते. शनिवारी झोपडीत नळी बदलताना तो बिशपच्या गाढवाची गोष्ट सांगत होता आणि त्सेन्टा पोट धरून हसत होती. अकरा मोजल्याचं त्याला पक्कं आठवत होतं.

फिरकीवरचा बाण डावीकडच्या अकरावर होता.

त्याचे कान तापले. अकरा इकडचे, अकरा तिकडचे. बावीस.

त्यानं वर पाहिलं. नोटबुर्गा कागदाचा वरचा कोपरा टाचत होती, त्सेन्टा खालचा धरून वाकली होती. दोघींची पाठ इकडे. बावीस खटक्यांना कितीसा वेळ लागतो?

त्यानं फिरकी धरून उजवीकडे वळवली. टक्.

बाकाखाली गेम्मानं मान उचलली. शेपूट न हलवता ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या पुढच्या पंजाला पट्टी होती.

फाइटनं फिरकी सोडली. बोटं विजारीला पुसली, टोपण घट्ट लावलं.

"लावलीस?" परत येऊन नोटबुर्गानं विचारलं.

"लावली."

त्सेन्टा बाकावर बसली. तिनं वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवली. "खांदा सैल सोड, पोरी," फाइट म्हणाला.

"तू गप्प बस," नोटबुर्गा म्हणाली.

त्सेन्टानं श्वास सोडला. एक. बऱ्याच वेळानं दुसरी. मग तिसरी.

तिघं कागदापाशी गेले. फाइट दोन पावलं मागे राहिला. नोटबुर्गानं दोन युरोचं नाणं ठेवलं. तिन्ही भोकं त्याखाली झाकली गेली. मग तिनं खिशातून मोजपट्टी काढली आणि नाण्याच्या मध्यापासून काळ्या ठिपक्याच्या मध्यापर्यंत धरली.

डावीकडे, एकवीस सेंटीमीटर.