टीव्हीवरची अजान

जकार्ताजवळचं बेकासीचं घर बंद करून कार्सोनो लेकीकडे तवाऊला कायमचे राहायला आले, तेव्हा कपड्यांआधी त्यांनी घरचा सेट टॉप बॉक्स बॅगेत भरला. मलेशियात हा डबा काय कामाचा, म्हणून जावई हसला. पण पाण्यापलीकडचं बेट इंडोनेशियाचं. तिथल्या टॉवरवरून जकार्ताची चॅनेलं लख्ख दिसू लागली.

रमजान लागला. कोपऱ्यावरच्या मशिदीत मगरिबची अजान झाली की घरातले सगळे रोजा सोडायचे. कार्सोनो मात्र चहाचा पेला पुढ्यात ठेवून टीव्हीसमोर बसून राहायचे. जकार्तात सूर्य उशिरा मावळतो, त्यामुळे टीव्हीवर अजान व्हायला अजून पाऊण तास असायचा.

तिसऱ्या दिवशी त्यांची लेक वेनिंग वैतागली. "बापक, इथला सूर्य बुडाला ना? मग तिथल्या सूर्यासाठी कशाला ताटकळताय? चहा पार गार झाला!"

"तुझी आई तिकडे अजून उपाशी असेल," टीव्हीवरची नजर न हलवता ते म्हणाले. "तिच्याआधी मी कधी घोट घेतलाय का?"

वेनिंगने पेला उचलला आणि चहा पुन्हा गरम करून आणला.

चौथ्या दिवशी मशिदीत अजान झाली, तिच्या नवऱ्याने खजुराची ताटली पुढे केली.

आई गेली तेव्हा मातीलाही पोचू न शकलेली वेनिंग बापकांशेजारी जाऊन बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही घ्या. माझी अजान अजून व्हायचीय."